उंच इमारती मागे कलंडतात आणि माणसे काळवंडतात: चूक लेन्सची की माझी?

प्रश्न
गेले काही महिने मी कामाच्या दिवशी दुपारी शहराच्या कार्यालयीन भागात जाऊन उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी चाललेली वर्दळ टिपण्याचा प्रयत्न करीत आहे. माझ्याकडे फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि २४ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स आहे. माथा चौकटीत घेण्यासाठी कॅमेरा वर करावा, तर इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. आकाश नीट यावे, तर पदपथावरील माणसे निव्वळ काळ्या आकृत्या होऊन बसतात. लेन्स बदलावी का?

उत्तर १
लेन्सचा दोष नाही. कॅमेरा वर कलला की सेन्सर (चित्र टिपणारी आतली पट्टी) इमारतीच्या दर्शनी भागाला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा समपातळीत धरलात, तर त्या ताठ येतील; मात्र माथा कापला जाईल, कारण २४ मिमी लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तरी १०० मीटर अंतरावरून तुमच्या डोळ्यांच्या वर ७५ मीटरच उंची मावते. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स) १२ मिमी वर सरकवली की तीच १२५ मीटर होते, पण समोरचा रस्ता तेवढाच चौकटीबाहेर जातो, हे ती महागडी लेन्स घेणाऱ्यांच्या उशिरा लक्षात येते. मी स्वतः पादचारी पूल किंवा वाहनतळाचा वरचा मजला शोधतो. संगणकावर रेषा सरळ करायच्या असतील, तर चित्र घेतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा, कारण खालचे कोपरे कापावे लागतात.

उत्तर २
माणसांविषयी सांगतो. अरुंद रस्त्यावर थेट ऊन पोहोचत नसले, तरी समोरच्या काचेवरून परतलेल्या उन्हाचे पट्टे सावलीत पडतात आणि सूर्याबरोबर हळूहळू सरकतात. आकाशाचा नाद सोडून अशा पट्ट्यातील उजेडावर एक्स्पोजर (सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते) ठरवा. एफ/८ ला (लेन्सचे छिद्र बरेच लहान ठेवून) फोकस अडीच मीटरवर अडकवला, तर तुमच्या लेन्सवर साधारण सव्वा मीटरपासून पुढचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. शटर १/५०० सेकंद ठेवा आणि थांबा. मागच्या आठवड्यात मी चाळीस मिनिटे थांबलो होतो. शेवटी फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेल्या एक बाई पट्ट्यात शिरल्या, उजेडाने त्यांचे डोळे किलकिले झाले, आणि मागची गर्दी आपोआप अंधारात गेली.

उत्तर ३
रेषांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. पूर्ण सरळ केलेली इमारत वरून जड, फुगल्यासारखी दिसते, म्हणून मी किंचित कल राहू देतो. शिवाय प्रत्येक वेळी माथा हवाच कशाला? अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या १९०३ च्या छायाचित्रात न्यूयॉर्कची फ्लॅटआयर्न इमारत धूसर मागे उभी आहे आणि पुढे बर्फातले एक दुबेळक्याचे झाड आहे; इमारतीची उंची त्या झाडामुळेच जाणवते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज उजेडाचा पट्टा सापडला, पण ट्रायपॉड उघडताच इमारतीच्या सुरक्षारक्षकाने हटकले.

उत्तर १
इमारतीसमोरचे फरसबंद अंगण रस्त्यासारखे दिसत असले, तरी पुष्कळदा खासगी मालकीचे असते. सार्वजनिक पदपथावर उभे राहा. १/५०० ला ट्रायपॉड लागतच नाही.