स्टॉर्मला एस्टीमचं इंजिन बसवलंय, घ्यावी का सोडावी?

सेलूकर_पंपवाला
नमस्कार मंडळी. सॅन स्टॉर्म घ्यायचं मनात आलंय. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन सीटची, फायबर बॉडीची, आपल्याच देशात बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. बंद होऊन जमाना झाला. संभाजीनगरात एकाकडे आहे. २००१ चं मॉडेल, एमएच-२० पासिंग, लाल रंग. रेनॉल्टचं मूळ ११४९ सीसीचं इंजिन काढून मालकानं मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं बसवलंय. पावणेतीन लाख म्हणायलाय, अडीचला देईल असा अंदाज आहे.

शनिवारी जाऊन चालवली. जालना रोडनं सेव्हन हिल्सपासून चिकलठाण्यापर्यंत. काय पळती राव! मूळची साठ हॉर्सपॉवरची गाडी, आता पंच्याऐंशीची. सेकंडला पाय दिला की पाठ सीटला चिकटती. पण दोन गोष्टी खटकल्या. क्लच सोडताना डाव्या बाजूनं 'टक' असा आवाज येतो. मालक म्हणला, "फायबर आहे, वाजायचंच." दुसरं म्हणजे टेम्परेचरचा काटा हलत नाही आणि रेडिएटरचा पंखा डॅशबोर्डखालच्या बटनावर चालू करावा लागतो, घरातल्या ट्यूबलाइटसारखा.

रोजच्या वापराला नकोय. पावसाळा संपला की रविवारी सेलू-पाथरी-माजलगाव, एखाद्या वेळेस समृद्धीवर. अण्णा म्हणायलेत, एवढ्या पैशात दोन म्हशी येतील. तुमचं काय म्हणणं?

गोदाकाठ
पाथरी रोडचे स्पीडब्रेकर बघितलेत का भाऊ? तिथं गाडी उतरून ढकलावी नाही, उचलून न्यावी लागंल. बाकी फोटो टाका, कधीची बघितली नाही.

लेथवाला_वाळूज
पंपवाले भाऊ, तो आवाज फायबरचा नाही. डाव्या शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) आहे, नाहीतर फाउंडेशनचा (इंजिन चौकटीला धरणारं रबर आणि ब्रॅकेट).

इंजिन बदललेल्या गाडीत लोक इंजिन बघतात आणि बाकीचं सोडून देतात. एस्टीमचं जी१३ गुणी इंजिन आहे, वाद नाही, पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतात. रेनॉल्टचं डी७एफ तिकडं क्लिओ, ट्विंगोत आलं, त्या गाड्या इकडं विकल्याच नाहीत, त्यामुळं वॉटर पंप गेला तरी मालक हवालदिल. बदललं त्यात नवल नाही. पण इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही मारुतीचा येतो आणि चाकाकडचा हब राहतो स्टॉर्मचा. म्हणजे शाफ्टचं आतलं टोक एका गाडीचं, बाहेरचं दुसऱ्या गाडीचं. मधला दांडा कुणीतरी बनवलेला असणार.

तो बनवायच्या दोन तऱ्हा. चांगल्या स्टीलचा अखंड दांडा घ्यायचा, दोन्ही टोकांना स्प्लाइन, म्हणजे अडकायच्या खाचा, काढायच्या, हार्डनिंग करून आणायचं. आमच्याकडं वाळूजला हे काम होतं, पण पैसे लागतात. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन शाफ्ट मधोमध कापायचे, वरून पाइपची बाही चढवायची आणि वेल्डिंग मारायचं. स्वस्त पडतं म्हणून गॅरेजवाले हेच करतात. वेल्डिंगशेजारचं स्टील ठिसूळ होतं. क्लच सोडला की तिथंच पीळ बसतो, ब्रेक मारला की उलटा बसतो. चौकात तुटला तर गाडी जागेवर थांबेल, एवढंच. समृद्धीवर १२० ला तुटला तर फिरता दांडा शेजारचा ब्रेकचा पाइप सोडणार नाही.

बघायचं असं: गाडी जॅकवर घ्या, रॉकेलच्या फडक्यानं शाफ्ट पुसा, चाक हातानं फिरवा. मधे जाड कडं दिसलं, किंवा दांडा फिरताना डुलला, की समजा जोड आहे. वरून काळा रंग ताजा मारलेला असेल तर आणखी निरखून बघा.

मग फाउंडेशन. बॉनेट उघडं ठेवा, हँडब्रेक ओढा, एकाला आत बसवून पहिल्या गिअरवर क्लच जरासा सोडायला सांगा. समोर उभं राहायचं नाही, बाजूला. इंजिन थोडं उचलणारच, रबर त्यासाठीच असतं. पण टक करून आदळत असेल तर ब्रॅकेट जिथं चौकटीला वेल्ड केलंय तिथं केसाएवढी चीर शोधा. गंजाची तांबडी रेघ दिसते, ती चीर.

पंख्याच्या बटनाला मी सगळ्यात जास्त घाबरतो. ज्यानं थर्मोस्विचची (पाणी तापलं की पंखा आपोआप चालू करणारा) वायर जोडायचा कंटाळा केला, त्यानं आणखी कशाकशाचा कंटाळा केला असेल? त्यात काटा बंद. मे महिन्यात परभणीला पारा ४३ च्या पुढं जातो, मोंढ्याच्या ट्रॅफिकमधे बटन दाबायचं विसरलात की इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं. एक्झॉस्टजवळची फायबर बॉडी आतून तपकिरी पडलीय का तेही बघा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. चारही सिलिंडरमधे एक किलोपेक्षा जास्त फरक नको. आणि एवढं सगळं बरं निघालं तरी अडीच लाख मला जास्तच वाटतात.

कागदपत्र_नांदेड
लेथवाल्यांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. आरसीवर इंजिन नंबर कोणता आहे? एमपरिवहन ॲपवर अर्धा झाकलेला दिसतो, मूळ आरसी हातात घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर समोर धरून वाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानंही तेच पक्कं केलं. सीएनजी किटसारख्या इंधनबदलाची वाट वेगळी आहे. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन टाकलं तर आरटीओची परवानगी घेऊन नंबर चढवता येतो. तुमच्याकडं कंपनी वेगळी, सीसी वेगळी. ते चढायचं अवघड. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात अशा एकेका फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आणि २००१ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग. निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर बघणार. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरणाची फी दहा हजार झालीय, वर पर्यावरण कर. मागचं पासिंग इंजिन बदलायच्या आधीचं की नंतरचं, एवढं मालकाला विचारा. उत्तर देताना त्याच्या तोंडाकडं बघा.

बीडचा_बुलेटवाला
उगा घाबरवू नका हो. अख्ख्या महाराष्ट्रात इंजिन बदललेल्या जिप्स्या फिरायल्यात. एजंटला चार पैसे दिले की पासिंग होतं. हौसेला मोल नसतं.

कागदपत्र_नांदेड
पासिंग होईलही. बुलेटवाले, पासिंगचं मला काही वाटत नाही. उद्या पाथरीच्या नाक्यावर एखादा पोरगा आडवा आला तर? विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा बॉनेट उघडतो. नंबर जुळला नाही की स्वतःच्या गाडीचा क्लेम गेलाच, आणि समोरच्याच्या भरपाईवरही कंपनी वाद घालणार. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

आणखी एक. एस्टीमचं इंजिन कुठून आणलं? भंगारातून आणलं असेल तर त्या एस्टीमच्या आरसीची झेरॉक्स आणि विक्रीची पावती मागा. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, मालकाच्या नाही.

सेलूकर_पंपवाला
सगळ्यांचे आभार. मालकाला फोन लावला. आरसीवर डी७एफ, ब्लॉकवर जी१३. पासिंग पुढच्या वर्षी संपायलंय, इंजिन मागच्या पासिंगनंतर बदललं. एस्टीम ओळखीच्याची होती म्हणे, ठोकलेली, कागद "शोधतो" म्हणला. शाफ्टचं विचारलं तर "बनवून घेतलेत" एवढंच बोलला.

पण एक गोष्ट कळाली. जुनं रेनॉल्टचं इंजिन आणि गिअरबॉक्स त्यानं विकलेलं नाही. शहागंजात पत्र्याच्या शेडात गोणपाटाखाली पडून आहे. नंबरचा फोटो पाठवला, आरसीशी अक्षरन् अक्षर जुळतो. मूळ शाफ्टही तिथंच आहेत. इंजिन जाम आहे, फिरत नाही. दोन्ही इंजिनांसकट सव्वादोनला देतो म्हणायलाय.

लेथवाला_वाळूज
मग भाव एस्टीमच्या इंजिनाचा करू नका, गोणपाटाखालच्या इंजिनाचा करा. कागदावर गाडी तीच आहे.

जाम म्हणजे एकतर पिस्टनच्या रिंगा गंजून धरल्या, नाहीतर बेअरिंगनं क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) धरला. जोर लावून पान्यानं फिरवू नका. प्लग काढा, भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल सोडा, आठवडाभर राहू द्या. अलगद सुटलं तर रिंगांचंच होतं. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचं माप, ६९ मिलिमीटर. रेनॉल्टचा ओव्हरसाइज पिस्टन इकडं मिळणार नाही, त्यामुळं बोअर मोठा करायच्या भानगडीत न पडता नवे लायनर (सिलिंडरच्या आतल्या बाह्या) ठोकून मूळ मापावर आणणं सोपं. क्रँक खराब असेल तर मात्र खर्च वाढतो. सगळा हिशोब धरून मी दीड लाखाच्या वर बोललो नसतो. जी१३ नंतर कागद मिळाले तर विकून टाका, तेवढाच हातभार.

टोकन अजून देऊ नका. रविवारी सकाळी शहागंजात या, बोअर गेज आणि कॉम्प्रेशन गेज घेऊन मी येतो. फक्त मालकाला सांगून ठेवा, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून गरम करायची नाही.