मुलगी जेवायच्या आधी क्रुसाची खूण करते. शाळा बदलावी का?

फलटणची_सूनबाई

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही फलटणहून वसईला आलो. मिस्टर रेल्वेत आहेत. मुलगी साडेसहा वर्षांची, जूनपासून पहिलीत. घरापासून चालत सात मिनिटांवर चर्चची मराठी प्राथमिक शाळा आहे, तिथेच घातली. इंग्रजी शाळेची फी झेपत नाही हे खरंच, पण निदान चौथीपर्यंत मराठीत शिकावी असंही आम्हा दोघांना वाटत होतं.

शाळेबद्दल तक्रार काही नाही. अक्षर सुधारलंय, डबा संपतो, बाईंचं नाव दिवसातून वीस वेळा निघतं. पण गेल्या आठवड्यात सासूबाई आल्या. पोरगी ताटावर बसली, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवला आणि मग घास घेतला. सासूबाईंचा हात वरणाच्या पळीसकट हवेतच राहिला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मिस्टर म्हणतात, लहान आहे, विसरेल. सासूबाई म्हणतात, आज हात फिरवला, उद्या काय?

त्यात काल शाळेतून चिठ्ठी आली, नाताळच्या गोठ्यासाठी मूठभर पेंढा पाठवा. गावाकडे कडब्याची गंज दारात आहे. इथे तिसऱ्या मजल्यावर पेंढा कुठून आणू?

अशा शाळेत शिकलेल्या किंवा मुलं घातलेल्या कुणी खरं काय ते सांगाल का? चौथीपर्यंत ठेवावी की जूनमध्ये काढावी?

आगाशीकर

मी वाडवळ, हिंदू. पहिली ते सातवी अशाच शाळेत काढली. नाताळची चार गाणी आणि गणपतीच्या पाच आरत्या पाठ आहेत, दोन्ही सारख्याच बेसूर म्हणतो. आमची आजी तर परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः वसईच्या चर्चमध्ये रमेदी मातेला मेणबत्ती लावून यायची आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं.

पेंढ्याचं काम सोपं आहे. केळीवाल्याला सांगा, वखारीत घडांभोवती सुकी पानं असतात, मूठभर कोणीही देईल. गोठ्यात ठेवल्यावर फरक कळत नाही.

प्रश्नचिन्ह

सगळे गोडगोड लिहितात म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. माझ्या मुलाच्या शाळेत (वसईतली नाही, नाव लिहीत नाही) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांना सरसकट चॅपेलमध्ये प्रार्थनेला बसवायचे. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी अर्ज दिला तेव्हा बंद झालं, पण पुढचे दोन महिने मुलाला वर्गात ‘तो अर्जवाला’ म्हणत होते.

राज्यघटनेचं कलम २८(३) बघा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घ्यायची किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण संमती म्हणजे संमती. शाळेत जाऊन एवढंच विचारा की आमची मुलगी ‘मूल्यशिक्षणा’च्या तासाला बसते की ‘धर्मशिक्षणा’च्या.

निवृत्त_बाई

ताई, तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या असाल म्हणून सरळ लिहिते. मी वसईतल्या अशाच एका शाळेत १९८३ ते २०१४ पहिली-दुसरी शिकवली. मी इथलीच, कुपारी ख्रिस्ती. घरी आम्ही आमची कादोडी बोली बोलतो आणि चर्चमध्ये मराठी. माझी आई लहानपणी लॅटिन मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकायची, अर्थ कुणालाच कळायचा नाही. साठच्या दशकात व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा मराठीत आली. त्यामुळे सासूबाईंना सांगा, पोरीच्या कानावर जे पडतं ते त्यांना शब्दन् शब्द कळेल. पहिलीत तर मजा अशी असते की आमच्या गावातल्या पोरांना पुस्तकातली मराठी नवी आणि तुमच्या पोरीला तीच घरची. माझ्याकडे घाटावरून आलेली मुलं बाकीच्यांना ‘ळ’ शिकवायची.

वरच्या दादांचं बरोबर आहे, विचारा. आमच्याकडे ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला एका वर्गात जायची आणि बाकीची मूल्यशिक्षणाला दुसऱ्या. सकाळी मात्र सगळी एकत्र. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना, मग प्रार्थना. डब्याआधी पुन्हा छोटी प्रार्थना. खूण तिथूनच आली असणार. कुणी शिकवली असेलच असं नाही. शेजारचं पोर करतं म्हणून ती करते. पहिलीतलं पोर शेजारच्याचं सगळं उचलतं, उवासुद्धा.

पण शाळा कशी आहे हे त्या खुणेवरून कळायचं नाही. मला कशावरून कळलं ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई मोगऱ्याच्या वाडीत पहाटे कळ्या खुडायला जायची, कारण माल पहिल्या गाड्यांनी दादरला पोचायला लागतो. पोरगं उपाशीच शाळेत यायचं. एकदा प्रार्थना चालू असताना त्याने डब्यातली अर्धी भाकरी तोंडात कोंबली. लगेच तीन बोटं वर झाली, ‘बाई, याने आधीच खाल्लं!’ मी त्याला उभा केला. मुख्याध्यापिका सिस्टर दारातून बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात, हजेरीपटांच्या खालच्या फळीवर, केळ्यांची फणी दिसायला लागली. त्याला रोज सकाळी ‘खडू घेऊन ये’ म्हणून त्या ऑफिसात बोलवायच्या. तो खडू आणायचा आणि तोंड पुसत यायचा. पुढे खडू आणणाऱ्या पोरांची संख्या वाढली. सिस्टरांची बदली झाली तरी फणी चालू होती, केळी कोणाच्या वाडीतून यायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

याच सिस्टर गृहपाठ राहिला तर फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायच्या. मीही मारलंय. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला, मारायला बंदी आली, तेव्हा स्टाफरूममध्ये ‘आता पोरं ऐकणार कशी’ म्हणून चर्चा झाली. ऐकली की. आम्हालाच आवाज खाली आणायला वेळ लागला.

आता माझी एक चूक. नाताळच्या नाटकात मरियाबाय, म्हणजे येशूची आई, कोण होणार हे कधी ठरवावंच लागायचं नाही, वर्गातली सगळ्यात गोरी पोरगी. एका वर्षी एका वारली मुलीने मला विचारलं, ‘बाई, मरियाबाय उन्हात काम करायची ना? मग ती काळी नसेल का?’ तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते, योसेफाचेसुद्धा. मी हसले आणि तिला मेंढपाळ केलं. काठी हातात घेऊन ती सगळं नाटक ओठातल्या ओठात म्हणत होती. पुढच्या वर्षी मी तिला घेणार होते, पण जूनमध्ये ती आलीच नाही. घरचे वीटभट्टीवर गेले होते.

म्हणून ताई, नाताळच्या कार्यक्रमाला नक्की जा आणि मरिया कोण आहे ते बघा. पहिल्या बाकावर कोण बसतं आणि फळा पुसायला कोणाला उठवतात तेही बघा. फी उशिरा भरणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर वाचतात का ते इतर आयांना विचारा. मी शाळा बघायला गेले तर हेच बघेन.

एक गंमत. तुमच्या घरी काळजी की मुलगी ख्रिस्ती होईल. आणि आमच्या गावातल्या ख्रिस्ती घरांनी आपली पोरं केव्हाच इंग्रजी शाळेत घातली, माझा नातूसुद्धा तिकडेच. आमच्या वसईचे लेखक फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी घरी पेढे आणले. नातवाने विचारलं, ‘आजी, कोणाचा रिझल्ट?’ मराठी शाळेचे बाक आज तुमच्यासारख्यांच्या मुलांनी भरलेत. तुम्ही काढली तर एक तुकडी अजून बारीक होईल. हा दबाव नाही, नुसतं सांगितलं.

फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियाचा सण येईल. वसईत जन्मलेला आमचा संत, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. पोरगी घरी येऊन नागासाकी कुठे आहे विचारेल. नकाशा आणून ठेवा.

प्रश्नचिन्ह

बाई, मारलंय हे लिहिलंत, बरं वाटलं. आमच्या वेळचे कोणी कबूलच करत नाहीत. तरी माझा मुद्दा कायम आहे. प्रेमाने केळं दिलं म्हणून संमती विचारायची राहते असं नाही.

निवृत्त_बाई

राहत नाहीच. अर्ज द्यावा. आणि अर्ज दिलेल्या पोराला नाव ठेवणाऱ्यांचे कान बाईंनी उपटावेत (कायद्यात बसेल तेवढेच).

फलटणची_सूनबाई

सगळ्यांचे आभार. आज शाळेत जाऊन आले. सासूबाई ‘मीपण येते’ म्हणून निघाल्या, पदर खोचूनच. मुलगी मूल्यशिक्षणाला बसते, वेळापत्रक दाखवलं. खुणेचं विचारलं तर वर्गबाई म्हणाल्या, आम्ही शिकवली नाही, तुम्ही घरी जे म्हणता ते तिला इथे म्हणू दे. सासूबाईंनी लगेच बाईंना जेवणाआधीचा आपला श्लोक म्हणून दाखवला, अख्खा वर्ग ऐकत होता. आता पोरगी घरी आधी खूण करते मग श्लोक म्हणते, आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की क्रम तरी उलटा कर. जूनचं जूनमध्ये बघू.

केळीवाल्याने पानं दिली, पैसे घेतले नाहीत.

बाई, मरिया कोण आहे ते अजून कळलं नाही. आमची मेंढी झालीय. अंगाला कापूस लावून पाठवा म्हणतात. कापूस किती लागेल?

निवृत्त_बाई

कापूस लावू नका. घामाने निघतो, नाकातोंडात जातो आणि मेंढी शिंकत बसते. जुना पांढरा टर्किश टॉवेल घ्या, मध्ये डोक्याएवढं भोक पाडा आणि कडा दुमडून शिवा. कान काळ्या मोज्यांचे. खाली आतून फुलपँट घाला, डिसेंबरात ग्राउंडवर वारा लागतो.