'शेअर्ड प्रिंटर'ला मराठीत काय म्हणावं? सामायिक, सामाईक की आणखी काही?

प्रश्न:
कामाच्या ठिकाणी कॉम्प्युटर आठ, प्रिंटर एक. प्रत्येक नवीन माणसाला तेच ते तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून मराठीत पानभर टिपण लिहायला घेतलं आणि मथळ्यातच अडकलो. मराठी मेन्यूंमध्ये 'शेअर'साठी बऱ्याचदा 'सामायिक करा' असतं. मीही 'प्रिंटर सामायिक करा' लिहिलं. सहकाऱ्याने वाचून विचारलं, "कुणाला पाठवायचाय?" त्याचं तरी काय चुकलं? फोनवर फोटो सामायिक करतो तेव्हा तो पाठवतोच. 'सामायिक' बरोबर की 'सामाईक'? आणि प्रिंटरला 'मुद्रक' म्हणू का?

प्रतिसाद:
'मुद्रक' अजिबात नको. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशकाच्या जोडीने ज्याचं नाव छापतात तो मुद्रक. 'मुद्रक सकाळपासून बंद आहे' असं वाचलं तर मी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करीन. तो प्रिंटर, ती प्रिंट. लिंगासकट रुळलेत, राहू द्या.

प्रतिसाद:
'सामायिक' म्हटलं की जैन वाचकाला 48 मिनिटं समभावाने बसण्याचं व्रत आठवेल. अनेकांच्या मालकीचं या अर्थाने बोलण्यात 'सामाईक'च आहे: सामाईक भिंत, सामाईक विहीर, मसावितला सामाईक विभाजक. पण हे विशेषण आहे. विहीर सामाईक असते, ती कुणी उठून 'सामाईक करत' नाही. तुमच्या सहकाऱ्याचा घोटाळा त्या 'करा'ने केलाय. 'वाटून घेणे'ही चालणार नाही, कारण वाटलं की तुकडे होतात.

प्रतिसाद:
शब्द ठरवण्याआधी जोडणी कशी आहे ते सांगा. 'शेअर्ड'च्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली: प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडलेला, आणि बाकीचे त्या कॉम्प्युटरमधून छापतात. हा सामाईक नव्हेच. मालक एक, बाकीचे उसना घेणारे. मालक कॉम्प्युटर झोपला की सगळ्यांची छपाई बंद. आमच्याकडे एकाने शिस्तीत मशीन बंद करून घर गाठलं. दुसऱ्याने मागे राहून एका पत्राची प्रिंट द्यायला अकरा वेळा बटण दाबलं. सकाळी पहिल्याने मशीन चालू केलं आणि त्याचं लॉगिन होतंय तोवर अकरा पत्रं ट्रेमध्ये. त्यात विंडोजच्या ऑगस्ट 2021 च्या अपडेटपासून अशा प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवायला लागणारा प्रोग्राम) दुसऱ्या मशीनवरून घ्यायला सहसा ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणजे मालकाबरोबर ॲडमिनचीही मनधरणी.

दुसरी: प्रिंटर स्वतः केबलने किंवा वायफायने नेटवर्कवर, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता, आणि प्रत्येक कॉम्प्युटर थेट त्याच्याशी बोलतो, सहसा 9100 किंवा 631 या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या क्रमांकावर. हा खरा सामाईक. कुणाचं मशीन बंद असलं तरी इतरांचं अडत नाही. फक्त तो पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. नाहीतर राउटर एखाद दिवशी प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि सगळे जुन्या दारावर टकटक करत बसतात.

माझं मत: पहिल्याला 'अमक्या कॉम्प्युटरमार्फत', दुसऱ्याला 'सामाईक प्रिंटर'. 'मार्फत' हा टपाली शब्द आहे, आणि काम तेच आहे: पत्र तुमचं, पत्ता दुसऱ्याचा.

प्रश्नकर्ता:
'मार्फत' पटला. आमची जोडणी पहिलीच निघाली. शब्दाच्या नादात प्रिंटरची केबल कुठे जाते ते प्रथमच वाकून पाहिलं. प्रिंटरला नेटवर्कचं भोक आहे, म्हणून आता केबल राउटरला लावून, पत्ता राखूनच टिपण लिहितो. आणखी एक. 'प्रिंट क्यू'ला, म्हणजे छापायच्या थांबलेल्या कामांच्या यादीला, 'मुद्रण पंक्ती' लिहिलं तर?

प्रतिसाद:
पंक्ती जेवायला बसते. 'रांग' लिहा. तिच्यातून एखाद्याला बाहेर काढता येतं, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं.

प्रतिसाद:
रांगेवरून आठवलं, टिपणात 'प्रिंट अडकली' हे शब्द टाळा. आम्ही एकदा झाकण उघडून, टोनर काढून अर्धा तास कागद शोधत होतो. अडकली होती ती रांग. कागद अडकतो, रांग तुंबते, असे दोन वेगळे शब्द ठेवा. कागद अडकला तर झाकण उघडा. रांग तुंबली तर त्यातली सर्वात जुनी प्रिंट रद्द करा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रिंट स्पूलर, म्हणजे ही रांग सांभाळणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम, थांबवून पुन्हा चालू करा.

प्रश्नकर्ता:
आणि 'स्पूलर'ला काय म्हणू?

प्रतिसाद:
दोऱ्याच्या रिळालाही इंग्रजीत स्पूलच म्हणतात. पण टिपणात 'रीळवाला' लिहिलंत तर लोक तुम्हालाच रद्द करतील. स्क्रीनवर जे दिसतं तेच लिहा, म्हणजे शोधताना सापडेल.