सूर्यग्रहण कंकणाकृती का होते?

दर अमावस्येला सूर्यग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली आहे. पण कधी खग्रास (सूर्य पूर्ण झाकलेला), कधी कंकणाकृती (चंद्राभोवती सूर्याची कडी उरलेली), असं का?

सगळा खेळ अंतराचा. २२ जुलै २००९ला चंद्र पृथ्वीच्या जवळ होता आणि सूर्य बराच लांब. त्यामुळे चंद्राने सूर्य पुरता झाकला, तोही कमाल ६ मिनिटं ३९ सेकंद. सुरत, वाराणसी, पाटणा खग्रास दिसण्याच्या पट्ट्यात होते, पण ऐन पावसाळा! मग सहाच महिन्यांत, १५ जानेवारी २०१०ला, नेमकं उलट: सूर्य जवळ, चंद्र लांब. चंद्राचं बिंब लहान पडलं आणि कन्याकुमारी-रामेश्वरमला कंकण दिसलं. हिंदी महासागरात ते ११ मिनिटांहून जास्त टिकलं.

आणखी एक प्रकार संकरित. यात चंद्राच्या सावलीचं टोक जेमतेम पृथ्वीपर्यंत पोचतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे पट्ट्याच्या मध्यभागी खग्रास, टोकांना कंकणाकृती. २० एप्रिल २०२३चं तसंच होतं. खंडग्रास (सूर्याचा काही भागच झाकलेला) मात्र यातल्या कुठल्याही ग्रहणात पट्ट्याबाहेरच्यांच्या वाट्याला येतं, आणि कधीकधी नुसतं तेवढंच होतं.