कोजागिरी, मसाला दूध आणि बोअरचं पाणी

विषय: कोजागिरी – पाण्याबद्दल एक सूचना
प्रेषक: यंदाच्या यजमान वहिनी

नमस्कार मंडळी,

शनिवारी कोजागिरी आमच्याकडेच आहे, त्यात बदल नाही. दुधाचं मोठं पातेलं मंडळाच्या सामानातून आणलंय, मागचं गवतही कापून झालंय. फक्त प्यायचं पाणी मी दुकानातून कॅन आणून ठेवते आहे, आणि भात कुणी आमच्या नळाच्या पाण्यात लावू नये. घरूनच करून आणा. कारण लिहिलं नाही तर शनिवारी पन्नास जणांना पन्नास वेळा सांगावं लागेल, म्हणून आत्ताच.

आम्ही इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीत घर घेतलं 1999 साली. विहीर म्हणतो आपण, पण आहे ती बोअरच. घर विकताना बोअरचं पाणी तपासलंच पाहिजे हा न्यू जर्सीचा कायदा 2001 चा, आणि तो लागू झाला सप्टेंबर 2002 पासून. म्हणजे आम्ही त्यातून सुटलो. सुटलो म्हणजे कसे, ते आता कळतंय. लेक बाळंतपणाला येणार म्हणून डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "पाणी टाऊनचं की बोअरचं?" लॅबमधून बाटली आणली, भरून दिली. रिपोर्ट आला: आर्सेनिक, म्हणजे सोमल, विषच ते, लिटरला 17 मायक्रोग्रॅम. राज्याची मर्यादा 5, देशाची 10.

ज्या पाण्यात इतकी वर्षं मुलांना मऊ भात करून भरवला, त्याच नळासमोर परवा पाच मिनिटं नुसती उभी राहिले. पाणी दिसायला काचेसारखं.

– वहिनी

विषय: पुन्हा: कोजागिरी – पाण्याबद्दल एक सूचना
प्रेषक: टेकडीवरचे काका

वहिनी, लेकीचं ऐकून आनंद झाला. पण पाण्याचं एवढं मनावर घेऊ नका. तुमच्यापासून पाऊण मैलावर आम्ही. सव्वीस वर्षं तेच पाणी पितो आहोत. आमची आई सांगायची, डाळ मऊ शिजली की पाणी चांगलं. आमच्याकडे तूरडाळ दोन शिट्ट्यांत लोणी होते. शिवाय मी अजूनही सगळं पाणी उकळतो, गाळतो आणि तांब्याच्या हंड्यात भरतो. बायको हसते, पण इतक्या वर्षांत पोट बिघडलेलं आठवत नाही. या लॅबवाल्यांना फिल्टर विकायचे असतात.

दुधात चारोळी घालणार ना? गेल्या वर्षी नव्हती.

विषय: पुन्हा: पुन्हा: पाण्याबद्दल
प्रेषक: पाण्याच्या लॅबमध्ये नोकरी करणारा तुमचा पुतण्या (मानलेला)

काका, नमस्कार. आमची लॅब फिल्टर विकत नाही, फक्त बाटल्या मोजते, हे आधी सांगून टाकतो.

डाळीचं तुमच्या आईंचं म्हणणं खरंच आहे. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं, डाळ लवकर शिजत नाही. पण डाळीला आर्सेनिक कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि उकळण्याने जंतू मरतात, धातू मरत नाही. उलट वहिनींच्या नळाचं पाच लिटर पाणी उकळून चार लिटर केलं, तर 17 चं 21 होईल. वाफ गेली, आर्सेनिक पातेल्यातच राहिलं. तांब्याचा हंडाही त्याला काही करत नाही. भारतात घरोघरी असलेल्या यूव्हीच्या मशीननेही जात नाही, फ्रिजमध्ये ठेवायच्या कोळशाच्या फिल्टरच्या जगनेही नाही आणि मिठाच्या सॉफ्टनरनेही नाही.

ते येतं कुठून, हे कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण मला हा भाग आवडतो. कुणी कारखान्याने सोडलेलं नाही ते. आपल्या पायाखाली ट्रायासिक काळातले, वीसेक कोटी वर्षांपूर्वीचे तांबडे-करडे शेल खडकाचे थर आहेत. भूगर्भवाले त्यांना पसेइक आणि लॉकटाँग म्हणतात. करड्या-काळ्या थरांत पायराइट नावाचं खनिज असतं आणि त्यात आर्सेनिक अडकलेलं असतं. बोअर कुठल्या भेगेतून पाणी ओढते त्यावर सगळं अवलंबून. म्हणून शेजाऱ्याचा रिपोर्ट आपला नसतो. कुंपणाच्या या बाजूला 2 आणि त्या बाजूला 30 असं होऊ शकतं. वहिनींचं 17 आलं म्हणून तुमचं 17 असेल असं नाही, काका. तुमचं चांगलं असेल असंही नाही.

आणि राज्याची 5 ही मर्यादा देशातल्या सगळ्यात कडक मर्यादांपैकी आहे. 2006 च्या जानेवारीत देशाची मर्यादा 50 वरून 10 वर आली, त्याच वेळी न्यू जर्सीने 5 लावली. त्यामुळे 2006 च्या आधी कुणी तपासलं असेल आणि "पास" असा कागद कपाटात असेल, तर तो कागद काढून आकडा बघा, शिक्का नको.

प्रेषक: नवीन सभासद, अपार्टमेंटवाले

दादा, दोन प्रश्न. आंघोळीचं काय? आणि आम्ही भाड्याने राहतो, घराला बोअरच आहे, मालक काही बोलत नाही.

प्रेषक: लॅबवाला पुतण्या

आंघोळ, कपडे, भांडी चालतील. या आकड्यांना कातडीतून फारसं जात नाही. पोटात जातं ते महत्त्वाचं: पिणं, चहा, आमटी, आणि सगळ्यात जास्त भात. कुकरमध्ये मोजून घातलेलं पाणी भात सगळंच्या सगळं पिऊन टाकतो. बाळाच्या दुधाची पावडर कालवायला तर आत्तापासूनच दुसरं पाणी वापरा.

मालकाने दर पाच वर्षांनी पाणी तपासून भाडेकरूला रिपोर्टची प्रत द्यायची असते, त्याच कायद्यात आहे. गोड शब्दांत, पण लेखी मागा.

प्रेषक: यवतमाळच्या ताई

मी गप्प बसणार होते, पण वहिनींचं "दिसायला काचेसारखं" वाचून राहवेना. आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते. आम्हाला वाटायचं घासत नाहीत. त्यांच्या घरचं पाणी आमच्यापेक्षा नितळ. पाहुणे आले की त्यांच्याकडूनच घागर आणायचो. एका मैत्रिणीचे वडील चाळिशीतच मान वळवता येईना असे झाले होते. तिथेही सगळे उकळूनच प्यायचे.

मी उद्या बाटली आणायला जाते आहे. कुणाला हवी तर सांगा, एकदम आणते.

विषय: कोजागिरी – पाऊस आला तर
प्रेषक: सचिव

पाण्याचा विषय चालू ठेवा, पण शनिवारी पावसाची शक्यता आहे म्हणून मला दुसरंच लिहायचंय. दोघांनी विचारलं की पाऊस आला तर वांगी भाजायची कोळशाची शेगडी गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवून चालेल का. चालणार नाही. भरीत नसलं तरी चंद्र उगवतो.

2012 च्या ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. बोअरवाल्यांना माहीत आहे, वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही गेलं. संडासाला बादलीने पावसाचं पाणी. यांनी जनरेटर गॅरेजच्या तोंडाशी ठेवला, शटर अर्धं वर. तासाभरात सासूबाई म्हणाल्या डोकं दुखतंय, मळमळतंय. मी म्हटलं पित्त असेल, आलेपाक दिला. मग माझंही डोकं धरलं. तेवढ्यात जिन्यातला कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जनरेटरच्या आणि कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म किंचाळला. तो अलार्म बिनमहत्त्वाचा समजून मी वर्षभर त्याची बॅटरी बदलली नव्हती. कशी चालली देव जाणे. आम्ही सगळे गाऊनवर बाहेर, थंडीत, सासूबाईंच्या हातात आलेपाक तसाच.

जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट. अलार्म झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत हवा. आणि तो काढून उलटा करून बघा, मागे तारीख असते. आमच्या दुसऱ्या अलार्मची तारीख उलटून सहा वर्षं झाली होती. बटण दाबलं की मात्र छान वाजायचा.

प्रेषक: टेकडीवरचे काका

सचिवबाई, आता तळघरात राडॉन, तो जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, आहे हेही सांगून टाका, म्हणजे आम्ही सगळे तंबूत राहायला जातो.

प्रेषक: लॅबवाला पुतण्या

काका, आहेच की. 1984 साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनियर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला शिरताना किरणोत्साराचा अलार्म वाजवायचे. बाहेर पडताना नव्हे, आत जाताना. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं. राडॉन निघाला त्यांच्या घरातून: हवेच्या लिटरला सुमारे 2,700 पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप). उपाय करायला सांगतात 4 पासून. तुमच्या तळघरात तुम्ही आता पत्त्यांचा अड्डा केलाय म्हणून सांगितलं. किट स्वस्त असतं, थंडीत खिडक्या बंद असताना लावा. बाटलीबरोबर आणून ठेवतो.

प्रेषक: टेकडीवरचे काका

आण. बायको म्हणते दोन्ही आण.

विषय: रिपोर्ट
प्रेषक: टेकडीवरचे काका

मंडळी, दिवाळीच्या चकल्या तळता तळता लिहितो आहे, चुका पोटात घाला. रिपोर्ट आला. आर्सेनिक 2. वाचून मी खुर्चीतून उठलो आणि बायकोला म्हणालो, बघ. तिने कागद हातातून घेतला आणि खालची ओळ वाचली: कोलिफॉर्म (जंतू) – आढळले.

पुतण्या संध्याकाळी आला होता. बोअरचं झाकण जुन्या पद्धतीचं, खाली रबर नाही. टॉर्च मारला तर झाकणाखाली किडे, ते चिमट्यासारख्या शेपटीचे, पुंजक्याने बसलेले. तेच पडत होते आत. म्हणजे सव्वीस वर्षांतली निदान काही वर्षं तरी मी जे उकळत होतो ते उगाच नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण घरी कुणी ऐकून घेत नाही.

प्रेषक: वहिनी

काका, मान्य! तुमच्या आईंना माझा नमस्कार.

आमच्याकडे तळघरात दोन उंच टाक्या बसल्या, लोखंडाच्या गंजासारखं काहीतरी भरलेलं असतं त्यात, आर्सेनिक त्याला चिकटतं. बसवल्यावर पुन्हा तपासलं, 1 च्या खाली आलं. दरवर्षी तपासायचं आहे. लेक वीस तारखेला येते.

झाकण नवीन घ्या, रबराच्या रिंगचं, आणि जमिनीपासून फूटभर वर हवं. मग बोअरमध्ये बिनवासाचं ब्लीच टाकायचं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकायचा ना, तसंच. किती, ते पुतण्याला विचारा, अंदाजाने ओतू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा बाटली. तोवर उकळा.

आणि चकल्या किती केल्यात?