बारावीला पोरं आहेत, एफवायला बाकं रिकामी

खाडीकाठ: राजापूर तालुक्यातलं छोटं अनुदानित कॉलेज, आर्ट्स-कॉमर्स, १२० ची तुकडी. पंचक्रोशीतल्या ज्युनिअर कॉलेजांत मुलं पुरेशी आहेत आणि कोकण बोर्डाचा निकाल तर दरवर्षी राज्यात वरच असतो. तरी एफवायबीएला (बीएच्या पहिल्या वर्षाला) साठ भरताना दमछाक होते. फ्लेक्स झाले, पत्रकं झाली, फेसबुकवर जाहिरातही झाली. आता संस्था म्हणते बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) काढा. पैसा नेमका कुठे घालावा?

वाडीवस्ती: फ्लेक्स आधी बंद करा. कॉलेज कुठे आहे हे तालुक्यात कुणाला माहीत नाही? चार आकडे काढा: चौकशीला किती आले, विद्यापीठाचा प्री-अ‍ॅडमिशन फॉर्म कितींनी भरला, फी कितींनी भरली आणि १५ ऑगस्टला वर्गात किती होते. ज्या दोन आकड्यांमध्ये सगळ्यात मोठी गळती, तिथे खर्च.

चौकशीची वही ठेवा, पण नाव-नंबरावर थांबू नका. वाडी, ज्युनिअर कॉलेज, व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ‘घरात ठरवतं कोण’ हा रकाना हवाच. आपल्याकडे तो निर्णय बऱ्याचदा नालासोपारा नाहीतर विरारचा काका घेतो. काका मे महिन्यात आंबे खायला गावी असतो आणि नेमकं तेव्हाच कॉलेजच्या ऑफिसला कुलूप! लँडलाइन वाजत राहते, तोवर ‘चल मुंबईला, बघू काहीतरी’ असं ठरून मोकळं. मेमध्ये दोघांची आळीपाळीने ड्युटी लावा, १० ते ५, एकच मोबाइल नंबर. चौकशी आली की दुसऱ्या दिवसाच्या आत शिक्षकाचा फोन गेला पाहिजे, शिपायाचा नव्हे. आणि बोलणं पालकांशी, फक्त पोराशी नाही.

सेतूवाला: वरच्याशी सहमत, पण फॉर्म ते फी या टप्प्यावर पोरं कागदांपायी गळतात. आधारला मोबाइल वडिलांचा, वडील मुंबईत कामावर. इथे ऑफिसात फॉर्म भरायला बसलं की ओटीपी तिकडे जातो आणि फोन उचलला जाईपर्यंत त्याची मुदत संपते. दोनदा असं झालं की पोरगी ‘उद्या येते’ म्हणते, ती येत नाही. उपाय साधा: निकालाआधीच, एप्रिलमध्ये, ज्युनिअर कॉलेजात एक दिवस बसा. आधारला चालू नंबर आहे का, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळतं का एवढंच तपासा. नावात फरक असला तर अपार आयडीही (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) अडतो.

महाडीबीटीचं (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) वेगळंच. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात जाते, फॉर्मवर लिहिलेल्या नव्हे. कुठल्यातरी योजनेसाठी मध्येच दुसरं खातं जोडलेलं असतं, पैसे तिकडे पडतात आणि घरी वाटतं कॉलेजने खाल्ले. ही बदनामी दोन गावं पुढे जाते. उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा असेल तर ३१ मार्चला संपतो; जूनमध्ये तोच घेऊन येतात. जूनमध्ये सेतूत (दाखले देणाऱ्या सरकारी केंद्रात) रांग असते, एप्रिल बरा.

आगार_नं_१: बीएमएसबद्दल. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईकडे (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे) गेले, प्रवेशाला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) लागते. सीईटीचा फॉर्म सहसा निकालाच्या आधीच बंद होतो, म्हणजे जूनमध्ये विचारायला आलेलं पोर हातचं जाऊ शकतं. शिवाय नवा कोर्स म्हणजे आधी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात (कुठे काय सुरू करायचं याच्या योजनेत) जागा, मग सरकारचं इरादापत्र (तत्त्वतः मंजुरी). यंदा ठरवून यंदा सुरू होत नाही. संस्थेला हे नीट सांगा. असलेल्या बीकॉममध्येच ओजेटीसाठी (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी) काजू कारखाना, पतपेढी, होमस्टे ठरवून ठेवा आणि त्यांची नावं माहितीपत्रकात छापा. पालक तेवढंच वाचतात.

त्याहून मोठं कारण एसटी. पहिला तास ७.३० ला आणि आतल्या गावाची पहिली गाडी ८.४५ ला पोचत असेल तर तिथून कोण येणार? गावनिहाय, थांबानिहाय मुलांची यादी करा, प्राचार्यांच्या सहीने मेमध्येच आगार व्यवस्थापकांना द्या. नुसतं ‘गाडी वाढवा’ असं पत्र फायलीत जातं. ‘अमुक थांब्यावर इतकी मुलं’ असेल तर गाडीची वेळ हलते. मुलांना पासात भाड्याच्या एक तृतीयांशच भरावे लागतात, तो महिन्याचा आकडा प्रत्येक गावासमोर लिहा. तो मुंबईतल्या खोलीभाड्याशेजारी ठेवला की काका गप्प.

खाडीकाठ: आमची पहिली गाडी ८.३५. पण वेळापत्रक पुढे सरकवलं तर दुपारी ज्युनिअरला खोल्या मिळत नाहीत.

आगार_नं_१: सगळं सरकवू नका. ७.३० चा तास एसवाय-टीवायलाच (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला) ठेवा, एफवाय ८.४५ पासून. त्यांचा शेवटचा तास ग्रंथालयात नाहीतर सभागृहात घ्या, म्हणजे ज्युनिअरच्या खोल्या अडत नाहीत. परतीची गाडी मात्र आधी बघा. पावसाळ्यात दुपारची फेरी रद्द झाली तर मुली दुसऱ्या आठवड्यापासून बंद होतात.