ऐतिहासिक पुलांची तिकिटं: फक्त कमेमोरेटिव्हच घ्यायची का?

कमानवेडा: नमस्कार मंडळी, जुने पूल या थीमवर पोस्टाच्या तिकिटांचं कलेक्शन सुरू करतोय आणि पहिल्याच पानाला अडकलोय. ठरवलं होतं की फक्त स्मारक तिकिटं (कमेमोरेटिव्ह) घ्यायची, म्हणजे उद्घाटन, शताब्दी अशा निमित्ताने निघालेली, जसं ब्रुकलिन ब्रिजला १०० वर्षं झाली तेव्हा १९८३ मधे अमेरिकेने काढलेलं २० सेंटचं. पण कॅटलॉग चाळायला लागलो तर सगळ्यात देखणे पूल भलत्याच तिकिटांवर दिसतात. १८९८ चं २ डॉलरवालं घ्या, त्यावर सेंट लुईसचा ईड्स ब्रिज आहे, पूल १८७४ चा, पण तिकीट निघालं अमेरिकेतल्याच ओमाहा शहरातल्या प्रदर्शनासाठी. हे पुलाचं तिकीट धरायचं का नाही? आणि सुरुवातीला कुठले सेट बघू?

जुनाशिक्का: धरायचं, बिनधास्त. निमित्ताचा हट्ट धरलात तर बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल तुमच्या अल्बममधे येणारच नाही नीट. १५६६ चा ऑटोमन काळातला एकाच कमानीचा दगडी पूल, १९०६ च्या बोस्नियाच्या चित्रमालिकेत आहे, डिझाइन ऑस्ट्रियाचा चित्रकार कोलोमान मोझरचं. ती रोजच्या टपालाची साधी मालिका होती, स्मारक वगैरे काही नाही. पुढे नोव्हेंबर १९९३ मधे युद्धात तोफा डागून पूल पाडला, २००४ मधे तसाच परत बांधला. म्हणजे तिकिटावरचा पूल तो मूळचा, आणि आज उभा आहे तो दुसरा. अशी गोष्ट सांगणारं तिकीट निव्वळ डेफिनिटिव्ह, म्हणजे रोजच्या वापराचं, आहे म्हणून बाहेर ठेवणं मला तरी पटत नाही. फ्रान्सचं पाँ द्यु गारचं, म्हणजे पाणी नेणाऱ्या रोमन पुलाचं, २० फ्रँकचं पण याच वर्गातलं.

नदीकाठ: मला उलट वाटतं. काहीतरी कुंपण हवंच, नाहीतर मागे कुठेतरी पूल दिसतोय म्हणून शहरांची, जहाजांची तिकिटं पण जमा होत जातात आणि थीम राहतच नाही. निमित्त असलं की तारीख मिळते, फर्स्ट डे कव्हर (पहिल्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट) मिळतं, त्या वेळी लोकांना पुलाचं काय अप्रूप होतं ते कळतं. सिडनी हार्बर ब्रिजचंच बघा. १४ मार्च १९३२ ला तिकिटं आली, पूल १९ मार्चला उघडला. २ पेनी, ३ पेनी आणि ५ शिलिंग. जगभर मंदी चालू, साध्या पत्राला २ पेनी लागायचे आणि हे ५ शिलिंगवालं त्याच्या ३० पट, कोण घेणार? म्हणून ते आज इतकं महाग आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघाल्या. ५ शिलिंग घ्यायचं झालं तर तज्ज्ञाच्या सर्टिफिकेटशिवाय हात लावू नका. २ आणि ३ पेनी दोन्ही दोन प्रकारे छापलेत, एन्ग्रेव्हिंगवाल्यांना (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्यांना) वॉटरमार्क, म्हणजे कागदातलीच पुसट खूण, नाही, दुसऱ्यांना आहे, तेवढं पाठीमागून बघून घ्या.

कमानवेडा: दोघांचंही पटतंय हो, तोच तर घोळ आहे 🙂

भिंगवाला: कुंपण निमित्ताचं नको, चित्राचं घाला. तिकिटाचा मुख्य विषय पूल असेल तर आत, नाहीतर बाहेर, म्हणजे ईड्स पण आला आणि मोस्तार पण. सुरुवातीला चीनचा १९६२ चा ४ जुन्या पुलांचा सेट बघा, त्यात आनजी पूल आहे, सातव्या शतकाच्या सुरुवातीचा, मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानी, पुराचं पाणी त्यातून जातं आणि दगडाचं वजनही कमी होतं. मग ब्रिटनचा १९६८ चा, टार स्टेप्सच्या दगडी फरशांपासून थेट एम४ महामार्गाच्या व्हायाडक्टपर्यंत (उंच खांबांवरचा लांब पूल), मधे इंजिनियर टेलफर्डचा १८२६ चा मेनाय झुलता पूल. हे दोन सेट शेजारी लावले की पूल बांधायची पद्धत कशी बदलत गेली ते आपोआप दिसतं.

आणि एक, जमेल तिथे एन्ग्रेव्हिंगची तिकिटं घ्या. दोर, सळया, कमानीचे दगड सगळं रेषांचंच काम असतं आणि कोरलेल्या रेषेत ते जसं उठतं तसं फोटो छापलेल्या तिकिटात उठत नाही. १० पटीचं भिंग लावून १८९८ चं ईड्सवालं बघाच एकदा, ते आधी दोन रंगांत छापायचं ठरलं होतं पण स्पेनशी युद्ध लागलं, छापखान्यावर महसुली तिकिटांचा भार आला आणि एकाच रंगात काढावं लागलं. दोन रंगांतलं १९९८ मधे, १०० वर्षांनी निघालं. मूळचं परवडत नसेल तर ते घ्या, आरामात मिळतं.

नदीकाठ: चित्राचं कुंपण चालेल मला. पण १९६४ चं स्कॉटलंडमधल्या फोर्थ रोड ब्रिजचं ६ पेनीवालं सोडू नका, तिकीट नव्या पुलाच्या उद्घाटनाचं आणि शेजारी १८९० चा रेल्वे पूल पण उभा आहे.

कमानवेडा: म्हणजे ते दोन्हीकडून पास. ठरलं, चीन आणि ब्रिटनपासून सुरू करतो, फोर्थ त्यांच्याच पानावर. सिडनीच्या २ पेनीचे दोन्ही प्रकार कुणाकडे असतील तर पाठीमागचे फोटो टाका ना, वॉटरमार्क ओळखायला मदत होईल.